सुटला की सोडला

दोर सुटला आणि दोर सोडला, यात फरक तो केवढा? बोलायला गेलं तर दीड अक्षराचा. पण त्या दीड अक्षरापायी एका माणसानं एकतीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, आणि वर तो मार लोकांनी तिकीट काढून, टाळ्या वाजवत बघितला. त्या माणसाची ही गोष्ट. शांतपणे सांगायचं ठरवलं तरी ती शांतपणे सांगवत नाही, तेव्हा मध्येच आवाज चढला तर ऐकणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

त्याला सगळे खुंटा म्हणतात. बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा आहे, त्यावर तो तेहतीस वर्षं काम करतो आहे. काचेची खोली, एक टेबल, एक स्टूल आणि खिडकीबाहेर जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा. ट्रक पत्र्यावर येतो, खुंटा आकडा वाचतो, चिठ्ठी फाडतो. मात्र ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय तो आकड्याकडे बघतसुद्धा नाही. घाईत असलेले ड्रायव्हर वैतागतात. "काका, माझं वजन ते काय धरताय!" "तुझं धरायचं नाही, म्हणून तर उतर म्हणतोय," एवढंच तो सांगतो. माणूस असा आहे. भरलं वजन वेगळं, रिकामं वेगळं, आणि खरं काय ते दोन्हीच्या वजाबाकीत असतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

खुंटा हे नाव त्याला चेष्टेनं पडलं नाही, मानानं पडलं. कारखान्याचा रस्सीखेचीचा संघ होता, आठ गड्यांचा, आणि हा शेवटचा गडी. शेवटच्या गड्यानं ओढण्यापेक्षा रुतायचं असतं. दोर काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर घ्यायचा आणि टाचा जमिनीत रोवून मागे कलायचं. पुढचे सात जण ओढतात, दमतात, श्वास घेतात. त्या श्वासाच्या वेळी समोरच्यांनी सगळा संघ फरपटत नेऊ नये म्हणून मागे एक माणूस गाडल्यासारखा उभा लागतो. संघाला शिकवायला कारखान्याचा फोरमन होता. त्यानं पहिल्याच दिवशी ह्याच्या छातीला दोन्ही हात लावून ढकलून बघितलं. हा हलेना. "खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात," फोरमन धापा टाकत म्हणाला, "हा तर हलायलाच तयार नाही!" तेव्हापासून तो खुंटा.

आता कुणी म्हणेल, चेष्टा सहन न होणारा माणूस दिसतोय. मुळीच नाही. स्वतःची फजिती तो स्वतःच रंगवून सांगतो. स्पर्धेत आठ गड्यांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या आत लागायचं. फोरमननं विचारलं, वजन कुठं करायचं? खुंटा म्हणाला, माझा काटा असताना दुसरीकडे कशाला? आठही गडी चड्डी-बनियनवर ट्रकच्या पत्र्यावर उभे राहिले. आकडा आला बरोबर सहाशे चाळीस. सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या आणि त्या आनंदात बाहेरच्या टपरीवर पोटभर खाल्लं. स्पर्धेच्या दिवशी छोट्या काट्यावर एकेकाला तोललं तर बेरीज सहाशे अठ्ठेचाळीस! ट्रकचा काटा वीस-वीस किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. दहा टनांच्या ट्रकला वीस किलो म्हणजे ड्रायव्हरचं जेवण. पण इथं आठ किलोंसाठी संघ बाद व्हायची वेळ. आणि हे कुणाला माहीत नसावं? काट्यावर बसणाऱ्या माणसाला! मग दोन तास आठही जण घोंगड्या पांघरून मैदानाभोवती पळाले, एकमेकांचे केस कापले, थुंकी गिळायची नाही म्हणून थुंकत राहिले. शेवटी भरले सहाशे एकोणचाळीस. ही गोष्ट खुंट्यानं हजारदा सांगितली असेल आणि दर वेळी पहिला तोच हसतो.

हसत नाही तो फक्त अंतिम सामन्यावर.

सगळ्या कारखान्यांची ती स्पर्धा होती. अंतिम सामन्यात एक ओढ ह्यांनी जिंकली, एक समोरच्यांनी. तिसरी ओढ लागली आणि दोर दोन्हीकडून असा ताणला की मधली खूण कुणाच्याच बाजूला जाईना. सातव्या जागेवर, म्हणजे खुंट्याच्या अगदी पुढे, एक चोवीस वर्षांचा गडी होता. कारखान्यात तो मीटर दुरुस्त करायचा, आणि पुढे त्यानं घड्याळांचं दुकान काढलं, म्हणून त्याला आपण घड्याळजीच म्हणू. फोरमनचा नियम कडक होता: दोर मुठीत धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. गुंडाळला तर पकड पक्की होते खरी, पण दोर ताणला की बोटं ठेचून नेतो. "हाताला दोर गुंडाळलेला दिसला," फोरमन म्हणायचा, "तर दुसऱ्या दिवशी तो गडी फाटकाच्या बाहेर." घड्याळजी तेव्हा टेंपररी होता आणि कायम होण्याची त्याची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर पडली होती.

आणि घड्याळजीनं दोर गुंडाळला. तळहात घामेजले होते, जिंकायची घाई होती, त्यानं मनगट फिरवून एक वेढा घेतला. समोरच्यांनी त्याच क्षणी जोर लावला. पुढच्या सहा जणांच्या पाठी ह्या दोघांकडे, त्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही. दिसलं ते खुंट्याला. त्याच्या नाकासमोर हातभर अंतरावर चार बोटं पांढरी झाली, मग जांभळी, मग काळपट. घड्याळजीनं मान वळवून मागे बघितलं. तोंड उघडं, पण आवाज नाही. पुढून संघ ओढतोय समोरचा, मागून ओढतोय खुंटा, आणि मध्ये ती बोटं. वेढा सैल पडायचा एकच मार्ग होता. खुंट्यानं दोर सोडला. काखेतला, पाठीवरचा, खांद्यावरचा, सगळा, एका झटक्यात.

सात गडी तोंडावर आपटले आणि सामना गेला.

नळाखाली हात धरून घड्याळजी रडत होता. "कुणाला सांगू नकोस, पाया पडतो. एवढी चिठ्ठी हातात पडू दे, मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो." खुंटा म्हणाला, "बरं." झालं, त्या एका 'बरं'वर एकतीस वर्षं गेली. चिठ्ठी तीन आठवड्यांत आली. पण मग घड्याळजीचं लग्न ठरलं; लग्नाच्या तोंडावर कसं सांगायचं? मग ह्यानं नोकरी सोडून दुकान काढलं. नव्या दुकानाला नाट कशाला? मग पोरं झाली, पोरं मोठी झाली. खरं बोलायला मुहूर्त शोधणाऱ्याला तो कधी सापडत नाही, हे काय सांगायला पाहिजे?

इकडे फोरमननं विचारलं होतं, "सुटला कसा रे तुझ्या हातून?"

"सुटला नाही, सोडला."

"का?"

खुंटा मूग गिळून बसला. फोरमननं त्याला पुन्हा दोराला हात लावू दिला नाही. बारा वर्षांनी फोरमन दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा खुंटा भेटायला गेला. पलंगाच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पेला घेऊन घड्याळजी. फोरमन क्षीण आवाजात म्हणाला, "बाकी कुणाच्याही हातून सुटला असता तर चाललं असतं रे. तुझ्या हातून सुटेल असं वाटलं नव्हतं." खुंट्यानं पलंगापलीकडे बघितलं. घड्याळजीनं पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि म्हणाला, "पाणी घ्या." बस. एवढंच! मरणाऱ्या माणसालासुद्धा ह्यानं पाणीच पाजलं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी खुंट्याची तक्रार नव्हती. पण मागच्या वर्षी पिक्चरवाले आले. फुकट गेलेल्या म्हाताऱ्यांचा संघ पुन्हा उभा राहतो आणि जिंकतो, अशी काहीतरी गंमत त्यांना काढायची होती. ते घड्याळजीच्या दुकानात बसले, चहा प्याले आणि गोष्ट घेऊन गेले. पिक्चरचं नाव 'आठ गडी, एक चड्डी'. नावावरूनच काय ते समजा.

पहिल्या खेळाला खऱ्या गड्यांना बोलावलं होतं. खुंटा इस्त्रीचा शर्ट घालून बायको, लेक आणि नातीला घेऊन गेला. पडद्यावर आठ म्हातारे. एकाला ढेकर, एकाला जुलाब, एक दर दोन मिनिटांनी खाजवणारा. वजन कमी करायच्या प्रसंगात आठही जण ओळीनं संडासात बसलेले, आणि वरून संगीत! खुंटा त्यालाही हसला. म्हणाला, घोंगड्यांपेक्षा हे सोपं पडलं असतं. मग अंतिम सामना आला. शेवटचा गडी म्हणून एक ढेरपोट्या बुटका उभा होता. पहिल्याच ओढीत त्याच्या चड्डीची नाडी तुटली. चड्डी घोट्यापर्यंत. अख्खं थिएटर उघड्या ढुंगणाकडे बघतंय, आणि हा दोर सोडून दोन्ही हातांनी चड्डी सावरतोय. बाकीचे गडी ओरडतात, "सुटला रे सुटला!" आता सुटला म्हणजे काय काय सुटू शकतं! दोर सुटतो, नाडी सुटते, पोट सुटतं, वारा सुटतो. लिहिणाऱ्यानं एकही सोडलं नव्हतं. लोक खुर्च्या बडवत होते. खुंट्याच्या बायकोनं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि बाकीचा पिक्चर चष्म्याविना बघितला.

पण खरी सुरी पुढे होती. पुढच्या दोन्ही ओढी संघ जिंकतो आणि पिक्चरच्या शेवटी तो ढेरपोट्या रडत रडत नायकाच्या पायाशी येतो. नायक म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, देखणा, केसांना कलप लावलेला. तो बुटक्याला उठवतो, छातीशी धरतो आणि म्हणतो, "जा. तुला माफ केलं." थिएटरात टाळ्या, शिट्ट्या, बायका डोळे पुसताहेत. खुंटा अंधारात मांडीवर हात ठेवून बसला होता. माफ केलं? कशाबद्दल? कुणी कुणाला माफ केलं? चड्डी सुटली ते त्यानं एक वेळ गिळलं असतं. ही माफी त्याच्या घशाखाली उतरेना.

महिन्याभरात 'सुटला रे सुटला' पोरासोरांच्या तोंडी झालं. कुणाची पिशवी पडली, सुटला. कुणाची बस चुकली, सुटला. काट्यावर ट्रक पुढे गेला की ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "काका, सुटला!" खुंटा चिठ्ठी फाडायचा आणि पुढचा ट्रक बोलवायचा. स्वतःच्या तोंडानं स्वतःची सफाई देणारा माणूस चोरच दिसतो, हे त्याला कळत होतं. आणि शब्द दिलेला होता. दिलेला शब्द हलवायचा तर तो खुंटा कसला?

मग एक दिवस नात काट्यावर आली. तेरा वर्षांची, आजोबांसारखीच रुंद खांद्यांची, शाळेच्या रस्सीखेचीच्या संघात शेवटची गडी. काखेतून दोर कसा घ्यायचा, टाच कशी रोवायची, श्वास कधी सोडायचा, सगळं त्यानंच तिला शिकवलं होतं. जाड टाचेचे बूटही त्यानंच आणून दिले होते. तिनं ते पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवले.

"मला नको."

"का गं?"

"मी दोर धरला की मागून ओरडतात, नाडी सांभाळ. काल पंचसुद्धा हसले." तिनं पिशवीची चेन ओढली. "आजोबा, तुमच्या हातून सुटला कसा?"

"सुटला नाही बाळ, सोडला."

"का सोडला?"

खुंट्यानं बूट तिच्याकडे सरकवले. "मग तेच ना!" ती म्हणाली आणि गेली. बूट टेबलावरच राहिले. बाहेर ट्रक पत्र्यावर उभा राहून हॉर्न वाजवत होता, पण त्या दिवशी पहिल्यांदाच खुंट्याला आकडा दिसेना.

तो काटा दुसऱ्याच्या हवाली करून तडक घड्याळजीच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे भिंतभर घड्याळं, प्रत्येक आपापल्या वेळेनं चालणारं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं तिळाएवढा स्क्रू उचलत होता. खुंट्याचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. दहाच्या दहा.

"ये रे खुंट्या, बस."

"बसायला नाही आलो. नाडी कुणाची तुटली होती रे?"

घड्याळजीनं भिंग काढलं. "अरे, पिक्चर आहे तो. पिक्चरमधलं कोण खरं धरतं?"

"माझी नात धरते."

"त्यांना गंमत पाहिजे होती. विचारायला लागले, दोर का सुटला, का सुटला. मी म्हटलं, नाडीबिडी तुटली असेल. बोलता बोलता तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं? माझ्या तोंडातून एकतीस वर्षांत काही गेलं?" खुंट्याचा आवाज असा चढला की बाहेरचे दोघं डोकावले. "फोरमन माझ्या हातून सुटला असंच समजून गेला. तू पेला धरून उभा होतास. तेव्हा का नाही तुझ्या तोंडातून काही गेलं? तुझी बोटं मी राखली, आणि त्याच बोटांनी तू माझी चड्डी सोडलीस!"

"हळू बोल ना रे. आता सांगून काय होणार? घरात सुना आहेत. लोक म्हणतील, एवढी वर्षं गप्प बसला."

"बसलासच की."

घड्याळजी काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "रविवारी शाळेच्या मैदानावर पिक्चरवाल्यांनी खऱ्या गड्यांचा खेळ ठेवलाय. तिथं माइकवर सांगतो. सगळ्यांसमोर. तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू दे. सांग म्हणजे झालं."

खुंट्यानं नातीला एवढंच सांगितलं, "रविवारी एकदा ये. खेळायला नको, ऐकायला ये."

रविवारी सकाळी मैदानाभोवती ही गर्दी. आठांतले दोन गडी आता नव्हते, एकाला उभं राहवत नव्हतं. त्यांच्या जागी कारखान्यातले तिघं घेतले होते. समोर पिक्चरमधले नट, दंड फुगवून. पिक्चरचा जाहिरातवाला माइक घेऊन सगळीकडे नाचत होता. तो खुंट्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, शेवटी एकदा दोर सुटू द्या हं, कॅमेऱ्यासाठी. आणि पँटला नुसता हात लावा. पब्लिक वेडं होईल!"

"तू काट्यावर ये एकदा," खुंटा म्हणाला. "तुझं निव्वळ वजन काढून देतो."

मग माइक घड्याळजीच्या हातात आला. खुंट्यानं गर्दीत नात शोधली. ती आखलेल्या रेषेपाशी हाताची घडी घालून उभी होती. घड्याळजीनं घसा खाकरला, खुंट्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हा माझा जुना मित्र. त्या दिवशी त्याच्या हातून चूक झाली. माणूस आहे, व्हायचीच. आम्ही सगळ्यांनी त्याला केव्हाच माफ केलंय!"

टाळ्या! अहो, टाळ्या वाजल्या! उपकाराची फेड अपकारानं करणारे पुष्कळ असतात, पण तो अपकार गळ्यात हार घातल्यासारखा घालणारा एखादाच. खुंट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्यावरचा हात झटकून चालू पडावं असं त्याला वाटलं. पण रेषेपाशी नात उभी होती. आता निघून गेलो तर हेही सुटलाच म्हणतील, त्याच्या मनात आलं. तो जाऊन शेवटच्या जागी उभा राहिला. एकतीस वर्षांनी दोर काखेतून घेतला, पाठीवरून खांद्यावर आणला, टाचा रोवल्या. शिट्टी वाजली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नटांचे दंड आरशासमोर घडलेले होते, आणि म्हाताऱ्यांच्या टाचा मातीत. खूण मधोमध थरथरत राहिली. लोकांची हसायची तयारी होती, ते ओरडायला लागले. आणि खुंट्याला नाकासमोर हातभर अंतरावर दिसलं: घड्याळजीची पकड ढिली पडत होती, पंचावन्न वर्षांचं मनगट फिरलं, आणि त्यानं वेढा घेतला. जित्याची खोड, दुसरं काय! त्याच हाताला, त्याच जागी.

समोरच्यांनी जोर लावला. बोटं पांढरी झाली.

घड्याळजीनं मान वळवली. "खुंट्या..."

"काय?"

"हात... हात अडकला."

"मोठ्यांदा बोल. ऐकू येत नाही."

बोटं जांभळी व्हायला लागली. खोटं कशाला सांगा, खुंट्याला त्या घटकेला बरं वाटलं. दोन-तीन श्वासांपुरतंच, पण वाटलं. जाहिरातवाला कण्हण्या-कुंथण्याचे आवाज लोकांना ऐकवायला माइक घेऊन दोराच्या कडेनं धावत येत होता.

"अरे सोड ना!" घड्याळजी किंचाळला.

"माझ्या हातून सुटत नाही," खुंटा म्हणाला.

माइक आता दोघांच्या मध्ये होता. "सुटत नाही तर सोड! तेव्हा सोडलास तसा सोड रे! माझ्या बोटांसाठी सोडला होतास, तसा सोड!"

ते चारही कर्ण्यांतून मैदानभर गेलं. खुंट्यानं दोर सोडला. काखेतला, पाठीवरचा, खांद्यावरचा, सगळा. म्हातारे भुईवर आले आणि नट उताणे पडले. लोक हसले, पण ते हसू अर्ध्यावर तुटलं, कारण बऱ्याच जणांना ऐकलेल्याचा अर्थ लागला होता आणि ते शेजारच्यांना सांगत होते. घड्याळजी मातीत बसून हात छातीशी धरून हुंदके देत होता. खुंटा त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्यानं ती बोटं एकेक करून उलगडली, हलवून बघितली. मोडलं काही नव्हतं, निळा वळ तेवढा उठला होता.

नात तिथं येऊन उभी राहिली. ती वळाकडे बघत होती. "तेव्हाही असंच?" तिनं घड्याळजीला विचारलं.

घड्याळजीनं मान हलवली. मग नातीनं आजोबांकडे बघितलं, पण तिला काही विचारायचं उरलं नव्हतं.

जाहिरातवाल्याला यातलं काही कळलं नव्हतं. शांतता त्याच्या धंद्याला वाईट. त्यानं माइक तोंडाशी नेला, "आणि मंडळी, पुन्हा एकदा, दोर सुट..."

"सोडला म्हणा," नात म्हणाली.

"काय?"

"सुटला नाही. सोडला म्हणा." तिनं वाकून मातीतलं दोराचं टोक उचललं आणि काखेतून पाठीवर घेतलं.

जाहिरातवाल्यानं तिच्याकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं, आणि वाद नको म्हणून म्हणून टाकलं, "दोर सोडला."

कर्णे चांगले होते, मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. ऐकायला सगळे होते, एक फोरमन तेवढा नव्हता.